कन्या म्हणजे कोणाची कन्या?

उत्तर कोलकात्यात विधान सरणी नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. पूर्वी त्याला कॉर्नवॉलिस स्ट्रीट म्हणत. या रस्त्यावर, हेदुआ नावाच्या जुन्या तलावाजवळ, मुलींची एक सरकारी माध्यमिक शाळा उभी आहे. बेथ्यून कॉलेजिएट स्कूल हे तिचे नाव. शेजारीच त्याच नावाचे महाविद्यालय आहे. ७ मे १८४९ रोजी सुरू झालेल्या या शाळेने २०२४ साली एकशे पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. काही वर्षांपूर्वी कोलकात्यास जाण्याचा योग आला तेव्हा शाळा सुटण्याच्या सुमारास आम्ही त्या दारासमोर थोडा वेळ उभे होतो. दप्तरे, वेण्या, पाण्याच्या बाटल्या, फाटकाशी ताटकळणाऱ्या आया आणि आज्या. भारतातील कोणत्याही शहरात दिसावे असेच ते दृश्य होते. त्यात कोण कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, हे ओळखण्याची सोय नव्हती, आणि तशी गरजही कोणाला भासत नव्हती.

शाळेच्या आरंभीच्या दिवसांत मुलींना घरून आणण्यासाठी आणि परत पोहोचविण्यासाठी घोडागाडी असे. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर शाळेचे चिटणीस होते. त्यांनी त्या गाडीच्या दोन्ही बाजूंवर एक संस्कृत वचन लिहवून घेतले होते. कन्येचेही पालन पुत्राप्रमाणेच करावे आणि तिला अतिशय यत्नपूर्वक शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय. गाडी रस्त्याने जाऊ लागली की टिंगल करणारे टिंगल करीत. पण ते वचन शास्त्रातले असल्यामुळे त्यांची थोडी अडचणही होत असावी. विद्यासागरांची ही योजना मोठी चतुर होती यात शंका नाही.

त्या वचनात कन्या या शब्दाच्या आधी कोणतेही विशेषण नाही. गाडीतील जागेला मात्र विशेषण होते. त्या गाडीत प्रतिष्ठित हिंदू कुटुंबांतील मुलींनाच बसता येत असे. शाळेचे मूळ नावच मुळी हिंदू बालिका विद्यालय असे होते. मुसलमान, ख्रिस्ती किंवा हलक्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलीसाठी ती गाडी थांबत नव्हती. जे वचन तिच्या अंगावर लिहिले होते ते तिच्यात बसलेल्यांपुरतेच खरे होते. हा विरोधाभास आम्हांला गेली कित्येक वर्षे अस्वस्थ करीत आला आहे. त्याचे कारण केवळ कोलकात्यात नाही, हे पुढे सांगावे लागेल.

आधी त्या अटीची बाजू समजून घेतली पाहिजे, नाहीतर तो मोठा अन्याय होईल. जॉन इलियट ड्रिंकवॉटर बेथ्यून हे गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे कायदा सदस्य म्हणून १८४८ साली हिंदुस्थानात आले आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याआधी कोलकात्यात मुलींच्या शाळा नव्हत्या असे नाही. मेरी अ‍ॅन कुक नावाच्या मिशनरी बाई १८२१ सालीच तेथे आल्या होत्या आणि त्यांनी अनेक शाळा चालविल्या होत्या. परंतु तेथे येणाऱ्या मुली गरीब घरच्या असत. मोठ्या घरच्या लोकांनी आपल्या मुली तेथे पाठविल्या नाहीत, कारण शिक्षणाच्या पाठोपाठ बाप्तिस्मा येईल अशी त्यांना भीती होती. १८४५ साली एका तरुण हिंदू दांपत्याने डॉ. डफ यांच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा सारे शहर हादरले होते. अशा वेळी बेथ्यून यांनी ठरविले की आपल्या शाळेत धर्मशिक्षण असणार नाही, शिक्षण बंगालीत दिले जाईल, आणि ज्या घरांत स्त्रीशिक्षणाला सर्वांत अधिक विरोध आहे त्याच घरांच्या मुली आत आणल्या जातील. ती घरे बदलली तर बाकीचा समाज आपोआप बदलेल, असा त्यामागचा हिशेब होता.

हिशेब अगदी चुकीचा ठरला नाही. दक्षिणारंजन मुखर्जी यांनी शाळेसाठी आपले घर दिले. पहिल्या दिवशी एकवीस मुली आल्या. पंडित मदनमोहन तर्कालंकार यांनी आपल्या भुवनमाला आणि कुंदमाला या दोन मुली पाठविल्या, स्वतः विनावेतन शिकविले आणि मुलींसाठी 'शिशुशिक्षा' हे बालबोध पुस्तक लिहिले. या अपराधाबद्दल त्यांना वाळीत टाकण्यात आले. पुढे महर्षी देवेंद्रनाथ ठाकुरांनीही आपली कन्या तेथे घातली. बेथ्यून १८५१ च्या ऑगस्टमध्ये वारले. शाळेची नवी इमारत वापरात आलेली पाहण्यासही ते उरले नाहीत. त्यांच्यामागे लॉर्ड डलहौसी यांनी काही वर्षे स्वतःच्या पैशाने शाळा चालविली, आणि १८५६ साली ती सरकारने आपल्या हाती घेतली.

आम्हांला खरा प्रश्न येथून पुढे पडतो. एक खाजगी गृहस्थ स्वतःच्या पैशाने शाळा काढतो आणि अमुकच मुली घेईन म्हणतो, तेव्हा आपण फार तर त्याच्या मनाच्या कोतेपणाबद्दल हळहळू. पण शाळा सरकारी झाली की तिच्यात सर्वांच्या कराचा पैसा येतो. मिठावर कर देणाऱ्या कोळ्याचा आणि शेतसारा भरणाऱ्या मुसलमान कुळाचाही पैसा त्यात असतो. सरकारी झाल्यावरही शाळेची अट तशीच राहिली. ज्यांच्या मुलींना आत प्रवेश नव्हता त्यांनीही त्या शाळेचा खर्च उचलला.

बाहेर ठेवलेल्यांपैकी एकीचे नाव इतिहासाला ठाऊक आहे, आणि ती मुलगी ख्रिस्ती होती. चंद्रमुखी बसू देहरादूनच्या शाळेत शिकत होती. १८७६ साली तिने कलकत्ता विद्यापीठाच्या एंट्रन्स परीक्षेस बसण्याची परवानगी मागितली. विद्यापीठापुढे मोठा पेच पडला, कारण तोवर कोणत्याही मुलीने तसे मागितले नव्हते. शेवटी विशेष बाब म्हणून तिला बसू दिले. ती उत्तीर्ण होण्याच्या योग्यतेची ठरली. तरीही तिचे नाव निकालात आले नाही. १८७८ साली विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षा खुल्या केल्या. त्याच वर्षी बेथ्यून शाळेतून कादंबिनी बसू एंट्रन्स उत्तीर्ण झाली. या एका मुलीसाठी बेथ्यूनमध्ये पुढचा वर्ग उघडण्यात आला आणि त्यातूनच महाविद्यालय जन्मास आले. विद्यार्थिनींची संख्या एक! चंद्रमुखीलाही त्याच वर्गात बसावयाचे होते. जागेची अडचण होती असे कोणी म्हणू शकत नव्हते. पण ती ख्रिस्ती असल्यामुळे तिला प्रवेश मिळाला नाही, आणि फ्री चर्चच्या संस्थेत राहून तिला एफ. ए. ची परीक्षा द्यावी लागली.

पुढची कथा सुखाची आहे. नियम सैल झाला, चंद्रमुखी बी. ए. साठी बेथ्यूनमध्ये आली, आणि १८८३ च्या मार्च महिन्यातील पदवीदान समारंभात कादंबिनी आणि चंद्रमुखी या दोघींनी एकत्र पदवी स्वीकारली. (जाता जाता मराठी वाचकांनी आठवावे की त्याच दिवसांत आपल्या आनंदीबाई जोशी कोलकात्याजवळच श्रीरामपूरला राहात होत्या आणि एप्रिलमध्ये त्याच बंदरातून अमेरिकेस निघाल्या.) कादंबिनी डॉक्टर झाली. चंद्रमुखी १८८४ साली एम. ए. झाली तेव्हा विद्यासागरांनी तिला शेक्सपिअरचे समग्र ग्रंथ भेट दिले. १८८८ साली ती बेथ्यून महाविद्यालयाची प्राचार्य झाली. जिला धर्मामुळे त्या दारातून परत पाठविले होते ती दहा वर्षांच्या आतच तेथील प्रमुखपदी बसली.

ही कथा आपल्या समाजात सांगताना आम्ही पाहिले आहे की ऐकणाऱ्यांची छाती अभिमानाने फुलते. तो अभिमान आम्हांलाही होतो. परंतु चंद्रमुखीसाठी नियम बदलला, कारण ती चंद्रमुखी होती. असामान्य बुद्धीच्या मुलीसमोर दार फार काळ बंद ठेवणे संस्थेलाच लाजिरवाणे झाले असते. जी मुलगी बेताच्या बुद्धीची होती, जिला केवळ लिहावयास, वाचावयास आणि हिशेब करावयास शिकावयाचे होते आणि जी जात किंवा धर्म विचारल्याबरोबर आईचा हात धरून माघारी फिरली, तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आमच्या मनात येत राहते ती ही दुसरी मुलगी.

आता कोणी विचारील, बेथ्यून यांनी वेगळे काय करावयास हवे होते? याचे उत्तर आपल्याला आपल्या पुण्यातच सापडते. बेथ्यून यांच्या शाळेच्या एक वर्ष आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यासाठी त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. पाठोपाठ त्यांनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. अशाच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील कोवळ्या वयाच्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त एक निबंध लिहिला. महार-मांगांचे दुःख हा त्याचा विषय. ज्या धर्मात आम्हांला धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नाही तो धर्म आमचा म्हणावा तरी कसा, असे ती त्यात विचारते. त्या वेळी कोलकात्याच्या त्या गाडीला रस्त्यावर येऊन सहा वर्षे होत होती, आणि मुक्तेसारख्या मुलीला तिच्यात जागा मिळाली नसती.

म्हणजे सर्वांसाठी दार उघडणे त्या काळी अशक्य नव्हते. पण येथेही घाईने निकाल देऊ नये. मुलींच्या शाळा आणि महार-मांगांच्या शाळा पुण्यातही वेगवेगळ्याच भरत. तेवढी तडजोड फुल्यांनाही करावी लागली. शिवाय १८५७ नंतर पैशाचा ओघ आटला आणि त्या शाळांचा व्याप टिकला नाही. भिडे वाडा कित्येक वर्षे मोडकळीस येऊन उभा होता. स्मारक बांधण्यासाठी २०२३ च्या अखेरीस तो पाडण्यात आला. अट घालणारी शाळा सरकारच्या आणि प्रतिष्ठितांच्या आधाराने पावणेदोनशे वर्षे चालली, आणि ज्यांनी दार रुंद केले त्यांची शाळा काही वर्षांत हातची गेली. व्यवहारी माणूस याच्याकडे बोट दाखवून म्हणेल की पाहा, बेथ्यूनच बरोबर होते. या युक्तिवादाला आमच्याजवळ सहज सुचणारे उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आम्ही आणणार नाही.

कोलकात्यातच एक दुसरी शाळा आहे. तिच्यामुळे हा प्रश्न आणखी गहन होतो. लॉर्ड सिन्हा रोडवरची सखावत मेमोरियल ही शाळाही आज मुलींची सरकारी शाळा आहे. बेगम रोकेया सखावत हुसेन यांनी ती १९११ च्या मार्चमध्ये एका गल्लीतील घरात आठ मुली घेऊन सुरू केली. मुसलमान मुलींना शहरात शिक्षणाची जागा नव्हती म्हणून पतीने मागे ठेवलेल्या पैशातून ती उभी राहिली. एका बंद दाराला उत्तर म्हणून काढलेली ही शाळा. पण तडजोड तिलाही चुकली नाही. रोकेया स्वतः बंगाली भाषेच्या लेखिका, पण पालकांना उर्दू हवी होती म्हणून शाळा उर्दूतून चालवावी लागली. पडद्याच्या अतिरेकावर त्यांनी आयुष्यभर प्रहार केले, पण शाळेसाठी स्वतः पडदा पाळला. आणि गाडी! विद्यासागरांच्या गाडीवर वचन होते, रोकेयाबाईंच्या मोटारगाडीवर पडदे होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अवरोधवासिनी' या पुस्तकात त्यांनी स्वतः ती हकीकत सांगितली आहे. गाडी इतकी बंदिस्त होती की आत अंधार आणि उकाडा; मुली घाबरून रडत, ओकत, बेशुद्ध पडत. म्हणून दोन बाजूंच्या झडपा काढून तेथे कापडी पडदे लावले. तर वाऱ्याने पडदे हलतात, मुली बाहेरून दिसतात, हा धर्मद्रोह थांबवा, अशी धमकीची पत्रे आली. मुली गुदमरतात म्हणून आया रागावल्या होत्या, आणि मुली गुदमरत नाहीत म्हणून समाज रागावला.

रोकेयाबाईंच्या आणि बेथ्यून यांच्या तडजोडीत आम्हांला एक फरक दिसतो, आणि हा सारा लेख त्या एका फरकासाठीच लिहिला आहे असे म्हटले तरी चालेल. रोकेयाबाईंनी जी किंमत मोजली ती प्रामुख्याने स्वतःच्या पदरची होती. स्वतःची भाषा मागे ठेवली, स्वतःच्या मताविरुद्ध बुरखा घेतला, लोकांचे शिव्याशाप घेतले. बेथ्यून यांनीही स्वतःचा पैसा घातला, आयुष्यही घातले, हे मान्य. पण त्यांच्या अटीची किंमत त्यांनी दिली नाही, त्यांच्या शाळेतल्या मुलींनीही दिली नाही. ती तिसऱ्याच कोणी दिली, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

आपल्या नीतिशास्त्रात सांगितले आहे की सर्व चांगले एकाच वेळी करता येत नाही म्हणून काहीच न करणे हा शहाणपणा नव्हे. दहा जणांना पुरेल एवढेच अन्न ज्याच्याजवळ आहे त्याने दहा जणांना वाढले तर अकराव्याचा अपराधी तो ठरत नाही. राज्यकर्त्याने प्रसंगी काही दोष सहन करावेत, नाहीतर त्याहून मोठे हित बुडते, असे संत थॉमस अक्वायनस यांनीही म्हटले आहे. पण त्याच परंपरेत हेही सांगितले आहे की चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करू नये. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याविषयी कानउघाडणी केली आहे. मग बेथ्यून यांची अट यांपैकी कशात बसते? ती अन्न कमी पडल्यामुळे आलेली मर्यादा होती काय?

आम्हांला वाटते, ती तशी नव्हती. अन्न कमी आहे म्हणून अकरावा उपाशी राहणे ही एक गोष्ट. पण पहिल्या दहा जणांनी जेवावयास बसण्यासाठीच अशी अट घातली की अकरावा पंक्तीत दिसता कामा नये, आणि यजमानाने ती कबूल केली, तर अकराव्याचे उपाशी राहणे हा अपघात उरत नाही, तो त्या जेवणावळीचा पाया होतो. प्रतिष्ठित घरच्या मुली बेथ्यून यांच्या शाळेत आल्या, कारण तेथे इतर मुली नव्हत्या. वगळलेल्या मुलींची अनुपस्थिती हेच शाळेचे भांडवल होते. कादंबिनी एकटी वर्गात बसली असताना चंद्रमुखीला परत पाठविले गेले, तेव्हा ही गोष्ट अगदी उघडी पडली.

याचा अर्थ बेथ्यून यांनी शाळाच काढावयास नको होती, असा आम्ही करीत नाही. ती शाळा नसती तर बंगालच्या, किंबहुना देशाच्या स्त्रियांचे किती नुकसान झाले असते याची मोजदाद करता येणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की अशा कार्यावर एक ऋण चढलेले असते. ज्याच्या खर्चाने ते उभे राहिले त्याचे ते ऋण. ते माफ करण्याचा अधिकार कार्य करणाऱ्याला नाही आणि कार्याचा लाभ झालेल्यांनाही नाही. ज्यांना बाहेर ठेवले, फक्त त्यांनाच आहे. संस्था मोठी झाली, तिचे महोत्सव झाले, तरी ऋण आपोआप फिटत नाही. उलट कालांतराने ते ऋण होते हेच विसरले जाते, आणि अटीलाच परंपरा म्हणू लागतात.

आपण कॅथोलिकांनी येथे स्वतःकडे पाहिले नाही तर हा लेख लबाडीचा होईल. लोरेटो धर्मभगिनी आयर्लंडहून कोलकात्यास १८४१ च्या अखेरीस आल्या आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी मिडल्टन रो येथे मुलींची शाळा सुरू केली, म्हणजे बेथ्यून यांच्याही सात वर्षे आधी. तेथेही दीर्घकाळ प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन घरांतील मुली शिकल्या. इतकेच काय, १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेने कॅथोलिक मुलांना कॅथोलिकेतर, तटस्थ किंवा मिश्र शाळांत जाण्यास मनाई केली होती. अपवाद करावयाचा तर तो बिशपांनी ठरवावयाचा. म्हणजे सरकारी शाळेने दार उघडले असते तरी आपल्या बाजूनेही कडी होतीच. १९८३ च्या संहितेत हा निर्बंध राहिला नाही.

परंतु लोरेटोच्याच एका शाखेने हे ऋण फेडण्याचा जो प्रयत्न केला तो सांगितलाच पाहिजे. सियालदाच्या लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मुनी १९७९ साली मुख्याध्यापिका झाल्या. १९८५ पासून त्यांनी रस्त्यावर आणि स्टेशनवर राहणाऱ्या मुलींसाठी शाळेची गच्ची उघडी केली. त्या मुलींना शिकविण्याचे काम शुल्क भरणाऱ्या मुलींच्या वेळापत्रकातच घातले. कालांतराने शाळेतील सुमारे निम्म्या मुली शुल्क न भरणाऱ्या होत्या. प्रतिष्ठित घरच्यांनी आपल्या मुली काढून घेतल्या आणि शाळा बंद पडली, असे काही झाले नाही. २०२३ साली सिस्टर वारल्या. त्यांच्या कार्याचा विचार करताना आम्हांला नेहमी वाटते की 'पालक मुली काढून घेतील' ही भीती किती संस्थांनी खरोखर तपासून पाहिली असेल?

आम्ही तपासली नव्हती. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही वसईकडील एका शाळेच्या समितीवर होतो. कोणती शाळा ते सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलींचे वर्ग नव्याने सुरू करावयाचे होते. धर्मग्रामातील घरांतून मुली आल्या तरच वर्ग टिकतील, आणि पाड्यांवरच्या मुली पहिल्याच वर्षी अधिक संख्येने आल्या तर आपली माणसे आपल्या मुली दुसरीकडे घालतील, असे समितीत बोलले गेले. कोणी मोठ्याने बोलले नाही, पण सर्वांना कळले. तेव्हा जन्माच्या दाखल्याशिवाय अर्ज द्यावयाचा नाही, असा नियम आम्ही केला. कागदावर तो निर्दोष होता. मसुदा आमच्याच हस्ताक्षरात होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक आदिवासी बाई मुलीला घेऊन आली. मुलीचे केस तेल लावून चापून बसविले होते आणि पायांत नव्या चपला होत्या. बाईंजवळ रेशनकार्ड होते, दाखला नव्हता. आम्ही टेबलाशी बसलो होतो. आम्ही म्हणालो, "बाई, यंदा जागा भरल्या. दाखला काढून ठेवा, पुढल्या वर्षी या." जागा भरल्या नव्हत्या. त्या वर्षी त्या वर्गात अकरा बाके रिकामी राहिली. ती आम्ही मोजली होती. बाई "बरं, दादा" म्हणाली आणि गेली. पुढल्या वर्षी ती आली नाही.

वर्ग टिकले. पाच-सहा वर्षांनी नियम गेला, आणि आज त्या शाळेत पाड्यांवरच्या मुली मोठ्या संख्येने शिकतात. काही शिक्षिकाही झाल्या आहेत. समितीतील आमचे सहकारी म्हणत की पाहा, धीर धरला म्हणून हे साधले. ते खोटे नाही. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच म्हणत होतो.

मध्यंतरी एकदा बाजाराच्या दिवशी ती बाई आम्हांला दिसली. रानभाज्यांच्या जुड्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसली होती. तिने आम्हांला ओळखले की नाही ते कळले नाही. मुलगी कोठे आहे, काय करते, हे विचारावयाचे आमच्या ओठांवर आले होते. पण विचारावयाचे तर मुलीचे नाव घेऊन विचारावे लागले असते, आणि ते आम्हांला ठाऊक नव्हते. त्या दिवशी अर्जच दिला गेला नसल्यामुळे ते कोठे लिहिले गेले नव्हते. आम्ही दोन जुड्या घेतल्या. सुटे पैसे तिच्याजवळ नव्हते, तर ती म्हणाली, "असू द्या, पुढल्या वेळी द्या."